चंद्रीच्या छपरावरचा उपग्रह

संजीवनी घरत उल्हासनगरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं अटेंडंट होती. लोलक टांगायचे, भिंगं पुसायची. शिकवायचं मात्र नाही. पण कान उघडे असायचे, आणि शंका आली की ती सरांना बेधडक विचारायची.

मार्चमधल्या एका दुपारी खरवईला तिच्या घरामागच्या पाड्यावर धाडकन आवाज झाला. तिथे राहणाऱ्या चंद्रीचं छप्पर फोडून एक लोखंडी प्लेट चुलीजवळच्या जमिनीत रुतली होती. चंद्री हातभर अंतरावर भाकरी थापत होती. शेजारीच चौदा मजली इमारतीचं काम चालू होतं.

तलाठी पंचनाम्याला आले, तेव्हा बिल्डरचा इंजिनिअर विनीत आधीच हजर. "आमचा माल नाही साहेब. सॅटेलाइटचा तुकडा असणार, न्यूज में भी आ रहा है. वर निसटला, सरळ खाली आला."

तलाठ्यांनी लिहिलं, 'आकाशातून पडलेली अज्ञात वस्तू'. मग पेन संजीवनीपुढे धरलं. "पंच म्हणून सही करा."

"नाही करणार." तिचा आवाज चढला. "निसटला म्हणे! अहो, उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर आडवा पळतो. त्यातून सुटलेली वस्तूही त्याच वेगाने त्याच्यासोबत पळत राहते, दगडासारखी खाली येत नाही. लगेच उतरवायची तर तिला मागे रेटून वेग कमी करावा लागतो. तेव्हा कुठे तिची वाट खाली कलते, आणि जवळजवळ अर्धी पृथ्वी ओलांडून ती दाट हवेत शिरते. तिथे रंगसुद्धा जळून जातो. आणि हे काय आहे?"

तिने प्लेटवरून बोट फिरवून विनीतच्या डोळ्यांपुढे धरलं. बोट तेलाने काळं झालं होतं. काँक्रीट चिकटू नये म्हणून स्लॅबच्या साच्याला, सेंट्रिंगच्या प्लेटला लावतात, तेच तेल. अजून ओलं.

"मॅडम, तुम्ही प्रोफेसर आहात का?"

"नाही. म्हणून खोटं ऐकून घ्यायचं?"

चंद्री पुढे आली. "बाय, मी मेले असते तरी ह्यांनी असंच लिवलं असतं का?"

तलाठ्यांनी नवा कागद घेतला आणि लिहिलं, 'शेजारच्या बांधकामावरून पडलेली प्लेट'.

आठवड्याभरात चंद्रीच्या घरावर नवे पत्रे चढले. माफी कुणी मागितली नाही. इमारतीला पडणारं सामान अडवणारी जाळी लागली, तीही चौथ्या मजल्यापर्यंतच. ते दिसलं त्याच सकाळी संजीवनी चंद्रीला घेऊन साइटच्या ऑफिसात गेली, आणि खुर्ची ओढून दारातच बसली.