फ्रीजरमधले कोफ्ते

सासूबाई गेल्यानंतर सासऱ्यांनी मेंढरं विकली आणि ते आष्टीला आमच्याकडे राहायला आले. उभा जन्म त्यांनी मेंढरांमागे काढलेला. दोन खोल्या आणि मागचं अंगण एवढ्यात त्यांचा जीव रमेना. पण तक्रार एक नाही. फक्त जेवण कमी झालं होतं. भाकरी दुधात कुस्करायचे आणि ताट बाजूला सारायचे.

मी तालुक्यातल्याच एका गावी शाळेत शिकवते. एसटीने जायचं, एसटीने यायचं. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झालेली असते. नवऱ्याचं पाइप-मोटारींचं दुकान, ते उशिरा बंद होतं. दोन्ही मुलं भुकेने माझ्याभोवती घोटाळतात. आठवड्यातले बरेच दिवस आमच्याकडे खिचडीच व्हायची.

शाळेत माझ्याबरोबर एक मुस्लिम मॅडम आहेत. त्यांच्या डब्यात एकदा खिम्याचे कोफ्ते होते, इतके मऊ की भाकरीच्या तुकड्याने दाबले की फुटावेत. मी विचारलं, "सकाळी एवढं कधी करता?"

"सकाळी कोण करतंय! रविवारीच करून ठेवायचे. वाफवायचे, गार करायचे आणि डब्यात भरून फ्रीजरला टाकायचे. लागतील तसे रश्श्यात सोडायचे."

पुढच्या रविवारी मी खाटकाकडून खिमा दोनदा बारीक करून आणला. त्यात आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, कांदा आणि फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ घालून गोळे वळले, वाफवून फ्रीजरला ठेवले. मंगळवारी रश्श्यात सोडले तर सगळे विरघळले. मुलांनी त्याला खिम्याची आमटी म्हणून खाल्लं. मॅडम हसून म्हणाल्या, "कांदा पिळून घातला न्हाई ना? पाणी सुटतं त्याला." त्यानंतरचे मात्र जमले.

सासऱ्यांना हा प्रकार पसंत नव्हता. मी डबे फ्रीजरमध्ये रचत होते तेव्हा ते दारात उभे राहून बघत होते.

"कावून गं बाई, मटण एवढे दिस गारीत ठेवतीस? एकदा मारलेलं जनावर पुन्हा मारल्यागत हाय हे."

"मामा, चव बिघडत नाही. खाऊन तर बघा."

"मला नको. मी खाणार न्हाई."

मला राग आला. आधीच ते मटणाच्या दिवशी काहीतरी कारण काढायचे. आज पोट जड आहे, आज सोमवार आहे. ज्या माणसाबद्दल सगळी भावकी सांगायची की हा नळीसुद्धा दाताने फोडतो, तो आता रस्सा तेवढा प्यायचा. एका रविवारी मी पाणी द्यायला बाहेर आले, तर त्यांनी तोंडातला तुकडा हळूच काढून अंगणातल्या कुत्र्यापुढे टाकला. मला बघून त्यांनी मान खाली घातली. मीही काही न पाहिल्यासारखं करून तांब्या ठेवला आणि आत आले. त्यांच्या दाढा गेल्या होत्या आणि केलेली कवळी बोचत होती. त्यांना चावत नाही हे इतके दिवस आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

एके दिवशी शाळेहून येताना कडा गावाच्या अलीकडे एसटी बंद पडली. फोन लागेना. मागून आलेल्या जीपने मी घरी पोचले, तर अंगणातून धूर निघत होता. धावत मागे गेले. सासऱ्यांनी तीन दगडांची चूल मांडली होती, तुरीच्या वाळल्या तुराट्यांचा जाळ केला होता आणि वर पातेलं रटरटत होतं. दोन्ही मुलं ताटं घेऊन शेजारी बसली होती.

"मामा, गॅस होता की!"

"त्याचा मला भरवसा न्हाई. लेकरं भुकेजली होती. तुझा डबा काढला, लसूण ठेचला, मिरची टाकली, येसूर मसाला लावला. मेंढरामागं असताना आमी गडीच रांधायचो."

मी भाकरी टाकल्या. दुकान बंद करून नवराही आला. आम्ही अंगणातच जेवायला बसलो. रस्सा इतका तिखट की मुलगी पाण्यावर पाणी पीत होती, तरी ताट सोडत नव्हती. सासऱ्यांच्या ताटात मी न विचारता दोन कोफ्ते वाढले. त्यांनी एक बोटाने फोडला, भाकरीला लावला आणि खाल्ला. मग दुसरा. मग ताट पुढे केलं.

थोड्या वेळाने कुणाकडे न बघता ते म्हणाले, "दात गेल्यापास्नं मटणाचं ताट समोर आलं की लाज वाटायची. चारचौघांत बसू वाटंना."

"मग सांगायचं न्हाई का, दादा?" नवरा म्हणाला.

"काय सांगायचं? मला चावत न्हाई म्हनून?"

नवऱ्याने भाकरी त्यांच्यापुढे सरकवली. मी त्यांना अजून थोडा रस्सा वाढला.

आता रविवारी खिमा आला की ते हात धुऊन परातीपाशी बसतात. त्यांचे गोळे लिंबाएवढे होतात, आतपर्यंत वाफ जायला वेळ लागतो. मी लहान करा म्हणते, ते ऐकत नाहीत. मुलांना तेच हवे असतात.