मेंढरांनी सोडलेली निम्मी जागा

हौशीराम आबांचं घर आमच्या घराला लागूनच. तळेगाव ढमढेऱ्याला येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, तरी कुणी गाव विचारलं की ते दौंडकडचं मूळ गाव सांगतात. तरुणपणी दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या आत घाट चढून परत यायचे. पुढे इथं जमीन घेतली, कॅनॉलचं पाणी आलं, ऊस उभा राहिला. ऊस आणि मेंढरं दोन्ही एका माणसाच्यानं होईनात, तेव्हा मेंढरं विकली. कळपाभोवती ताणायची दोरीची जाळी, तिला वाघर म्हणतात, तेवढी त्यांनी कुणाला दिली नाही. ती छपराच्या वाशाला टांगलेली असे.

नव्याण्णव साली नवं घर बांधायचं ठरलं. जागा ओढ्याकडे उतरती होती. गवंड्यानं भर उन्हाळ्यात येऊन पाहणी केली आणि सांगितलं, खालच्या निम्म्या भागात एकतर मुरमाचा भराव टाका, नाहीतर तेवढ्याच भागात तळघर काढा. आबांनी लगेच तळघर म्हटलं. त्यांना तिथं दहा-बारा मेंढरं ठेवायची होती. दार ओढ्याच्या अंगाला, आणि बरोबर वर आबांची झोपायची खोली.

त्यांचा मुलगा मल्हार कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत आहे. तो माझ्याकडे आला. "भाऊसाहेब, तुमचं ऐकत्यात ते. स्लॅबच्या घराखाली मेंढरं कुणी ठेवतं का? जरा समजवा."

मी गेलो. आबांच्या पत्नी वच्छलाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्यांनीच सुरुवात केली. "यांना सांगा, मेंढरांचा वास वर येतो म्हणावं."

"एवढी वर्सं त्याच वासात झोपलीस," आबा म्हणाले, "तवा न्हाई आला व्हय?"

"आला की. बोलायला सवड कुठं व्हती?"

मल्हार हसला, आबाही हसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाऊसाहेब, कोकरू वरडतं, मग त्याची आय वळखून वरडती. ते कानावर पडल्याबिगर मला अजून धड झोप न्हाई. दुसरं काय न्हाई."

जे समजवायला गेलो होतो ते राहूनच गेलं. वच्छलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "काढा मग तळघर. पर झाडायला मी यायची न्हाई."

झालं, ठरलं. गवंड्यानं चुन्याची पांढरी फक्की टाकून आखणी केली. खोदाई दिवाळीनंतर धरायची होती.

दिवाळी उरकून आबांचे चुलतभाऊ बन्सी कळप घेऊन कोकणाकडे निघाले आणि वाटेत आबांकडे मुक्कामाला थांबले. शेतात मेंढरं बसवायची इकडे रीतच आहे. रातभर कळप बसला की रानाला खत होतं. आबांनी मात्र कळप रानात न बसवता घराच्या जागेवर बसवला. घराला चांगलं असतं, म्हणाले. वाशावरची वाघर काढली आणि सगळ्या आखणीभोवती ताणली.

सकाळी मी गेलो तेव्हा ते फक्कीच्या रेघेवर उभे होते. वरच्या निम्म्या जागेत लेंड्यांचा थर होता. ओढ्याकडच्या निम्म्या जागेत एक लेंडी नव्हती. सारा कळप वरच्या बाजूला दाटीवाटीनं बसला होता.

"बन्सी, रातच्याला लांडगं आलं व्हतं का खालनं?"

"न्हाई."

"मग खाली का न्हाई बसली?"

"मला काय इचारतोस," बन्सी म्हणाले. "तुला ठावं हाय."

मेंढरू ओलीवर बसत नाही. वरून माती कोरडी ठणठणीत दिसत होती. आबांनी कुदळ मागून घेतली आणि गुडघाभर खड्डा केला. बघता बघता त्याच्या तळाला पाणी झिरपून आलं.

तळघर नको म्हणणारा मल्हारच आधी बोलला. "आबा, वॉटरप्रूफिंग करता येतं. आमच्या कंपनीत केलंय."

"भिताडाला करशील रं. मेंढरांना कसं सांगशील? ओलीत खुरं कुजत्यात त्यांची." त्यांनी पायानं फक्की पुसायला सुरुवात केली. "घर वर सरकवा. जिथं बसलीत तिथं."

मागं पत्र्याचं शेड टाकू, मी झाडीन, असं वच्छलाबाई म्हणाल्या. आबांनी मान हलवली. "कोरडी जागा घरात गेली. आता उरली ती ओलच."

बन्सी निघाले तेव्हा आबांनी वाघर त्यांच्या सामानाच्या घोड्यावर लादली.

घर झालं. खालच्या ओलीत आबांनी चाऱ्याचा घास लावला, तो बाराही महिने हिरवा असतो. दिवाळी झाली की बन्सींचा कळप येतो, घास खातो आणि दुपार कलली की पुढे निघतो. रानात आता सगळा ऊस, मुक्काम करायला जागा नाही. आबा सोबत चालत जातात आणि जीपनं परत येतात.

"कुठवर गेला व्हता?" वच्छलाबाई विचारतात.

"हितंच, शिक्रापूरच्या चौकापतुर."

उत्तर कायम हेच असतं. पण आबांना परतायला दरवर्षी आणखी थोडा उशीर होतो, आणि वच्छलाबाई ताट झाकून ठेवतात.