स्पेनच्या चढावर पाण्याचा कॅन

भर उन्हाळ्यात स्पेनच्या डोंगरातून सायकल चालवणं म्हणजे वेडेपणा, असं भाड्यानं सायकली देणाऱ्यानं आम्हाला खुणेनंच सांगितलं. मी हसलो. मे महिन्यात संभाजीनगरहून अजिंठ्यापर्यंत सायकल हाणलेल्या माणसाला हा गडी ऊन दाखवतोय. बायकोला म्हणालो, "यांचं ऊन म्हणजे आपली दिवाळी."

"मग ठरलं," ती म्हणाली. "एकाही चढाला खाली उतरायचं नाय. उतरलात की उरलेला प्रवास बसनं."

मी कबूल झालो. समुद्रापर्यंत सायकलनंच जाणार, हे मी निघण्याआधीच अख्ख्या मुकुंदवाडीला सांगून बसलो होतो.

पाय माझे भक्कमच होते. घोळ झाला तो पाण्यामुळं. दुष्काळाच्या वर्षांत आमचं शहर बिडकीनच्या दिशेनं पसरत चाललं होतं आणि नळ मात्र आठवड्यानं यायचा. आला की पिंप, हंडे, कळश्या, शेवटी कुकरसुद्धा भरायचा. भरलेलं पाणी ओतून देणारा माणूस गल्लीत चोरापेक्षा खालचा. आणि इथं गावोगावी चौकात दगडी हौद, त्यात रात्रंदिवस पडणारी धार. पहिल्याच गावात ती धार बंद करायची चावी शोधत मी हौदाला दोन चकरा मारल्या. सापडली नाही, तेव्हा दुकानातून मोठा कॅन घेतला, काठोकाठ भरला आणि जुन्या ट्यूबनं कॅरिअरला आवळला.

"पुढच्या गावातही हौद आहे की," बायको म्हणाली. "नकाशात दाखवलाय."

"नकाशात आपल्या कॉलनीत पाइपलाइनपण आहे."

समुद्राआधीचा शेवटचा घाट लागला. दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं, वर टोकाला पांढरं गाव. वळण आलं की मी एकीकडं आणि कॅन दुसरीकडं. बायको पुढच्या वळणावर थांबून वाट बघत होती.

"ओतून द्या ते."

"रस्त्यावर?"

"मग प्या."

एक पाय टेकून थांबणं म्हणजे उतरणं नव्हे, हे मी आधीच मंजूर करून घेतलं होतं. थांबलो आणि पोट फुटेस्तोवर प्यालो. वजन तेवढंच राहिलं, फक्त कॅरिअरवरचं पोटात आलं.

तेवढ्यात वरून एक म्हातारा शेळ्या घेऊन आला. मला देव भेटल्यासारखं झालं. हेल्मेटमध्ये पाणी ओतून शेळ्यांपुढं धरलं. त्यांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं. म्हाताऱ्यानं हसत वर गावाकडं बोट दाखवलं. शेळ्या तिथल्या हौदावर पिऊनच आल्या होत्या. हेल्मेटमधलं पाणी मी एका ऑलिव्हच्या बुंध्याशी घातलं, कॅनचं बूच लावलं आणि उभ्या चढावर जोरात पॅडल मारलं. मागच्या ओझ्यानं पुढचं चाक उचललं. मी खाली, माझ्यावर सायकल, सायकलवर कॅन. एक थेंब सांडला नाही, याचंच मला आधी बरं वाटलं.

"उतरलात," बायको म्हणाली.

"पडलो. उतरणं वेगळं."

"पडणं उतरण्यातच धरतात."

दुसऱ्या दिवशी त्या पांढऱ्या गावातून सायकली बसच्या पोटात गेल्या. बायको खिडकीशी बसली. गाव मागं पडलं तशी म्हणाली, "बघा, इथून समुद्रापर्यंत नुसता उतार होता."

मी मांडीवरचा कॅन सावरला. "पाणी देऊ का?" एवढंच विचारलं.