राजूरच्या खोलीतलं एक मिनिट

वाचकांच्या गूढ अनुभवांच्या या सदरातले किस्से मी मैत्रिणींना हसण्यासाठी पाठवायचे. आमच्या घरातून अंगारे-धुपारे पणजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच गेले. त्यात मी जनसंवाद आणि माध्यम विषयात एम.ए. केलेली, शंका घेणं हेच आमचं शिक्षण. तर आता तुम्ही हसा…

आमच्या यवतमाळच्या कॉलेजात शेवटच्या सेमिस्टरला प्रबंधाऐवजी वीस मिनिटांची रेडिओ डॉक्युमेंटरी करता येते. मी विषय घेतला राजूरच्या सुमनमावशीचा. मावशी आमची शेजारीण. नवरा कोळसा खाणीतून रिटायर झालेला, आणि ही चाळीस वर्षं विहारात स्वतः रचलेली भीमगीतं गाणारी. एकही गाणं कुठे रेकॉर्ड नव्हतं. आणि गुरुवारी नागपूरला तिचं घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते.

मंगळवारी दुपारी तिच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत आम्ही दोघीच बसलो. आवाज पार घोगरा झालेला, तरी थांबत थांबत आठ गाणी गायली.

"तुह्या मशिनीत मावते न वं सारं?"

"मावते मावशी, तू गाय."

शेवटी मी तिला एक मिनिट गप्प बसायला सांगितलं. प्रत्येक खोलीची आपली एक शांतता असते; ती वेगळी रेकॉर्ड करून ठेवायची, एडिटिंगमध्ये तुकडे जोडताना कामाला येते.

"गप बसाचं बी रेकॉर्डिंग करून राह्यली काय? यासाठी इतकी शिकली?" मावशी हसली आणि तोंडाला पदर लावून बसली. मी हेडफोन घालून तिच्याकडेच बघत होते. फिरणारा पंखा आणि रस्त्यावरचे ट्रक, बाकी काही नाही.

बुधवारी कार्ड लॅपटॉपला लावलं. एकच फाइल… अठ्ठावन्न सेकंदांची.

आमच्या रेकॉर्डरचं बटण दोनदा दाबावं लागतं. एकदा दाबलं की लाल दिवा नुसता लुकलुकतो, हेडफोनमध्ये आवाजही येतो, पण रेकॉर्ड काही होत नाही. हे ज्युनिअर्सना ओरडून सांगणारी मीच! गाण्यांच्या वेळी एकदाच दाबलं, शांततेच्या वेळी मात्र बरोबर दोनदा. धावत गेले तर मावशीच्या दाराला कुलूप. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, म्हणून तिला त्या सकाळीच नागपूरला भरती करून घेतलं होतं. ओसरीवर बसून मी रडले. डॉक्युमेंटरी गेली ती गेलीच, तिचा आवाजही मी घालवला होता.

ऑपरेशननंतर चार दिवसांनी ती फाइल पहिल्यांदा ऐकली. म्हटलं, निदान खोली तरी हाती राहील.

मावशी गात होती. घोगरा नाही, मी लहानपणी ऐकलेला तो खणखणीत आवाज. "कोळशाची काळी रात, भीमानं लावली वात…" मागे पंखा तोच, ट्रकही तेच. आणि हे गाणं तिनं त्या दुपारी गायलंच नव्हतं.

आमच्या सरांनी म्हटलं, कार्डावर जुनं काही उरलं असेल. कार्ड नवं होतं, पाकीट मीच फाडलेलं. सरांनी दोन दिवस फाइल उलटीपालटी करून पाहिली, मग म्हणाले, "जे आहे ते वापर."

वापरलं. राजूरच्या लोकांना मावशीचा आवाज कसा आठवतो ते विचारत फिरले, आणि शेवटी ते मिनिट ठेवलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी हेडफोन काढले, डोळे पुसले आणि पुन्हा लावायला सांगितलं. वर्गात पहिली आले मी. हो, मिरवते!

मग एका रविवारी विहारात मोठ्या स्पीकरवर ते लावलं. मावशी पुढेच बसलेली, गळ्याला रुमाल बांधून. दुसऱ्या ओळीला सगळा विहार तिच्या आवाजात आवाज मिसळून गायला लागला. इतका आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. गाणं संपल्यावर मावशीनं मला जवळ ओढलं आणि तिच्या वहीत सावकाश लिहिलं -

"तू गप बस म्हनलं तवा मनात हेच गात होती मी."

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. मी वही तिच्या हातात परत दिली. तिनं स्पीकरकडे बोट दाखवलं, पुन्हा लाव म्हणून. मी लावलं.