थुंकीनं धरलेला चोर

दोन हजार तेवीस साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि माझ्यात चांगला दम होता. दम नव्हता तो सायकलीच्या मागच्या चाकात. संध्याकाळी हवा भरावी तर दगडागत घट्ट, सकाळी बघावं तर भाकरीगत चपटं!

सूनबाई स्कुटीला फडकं मारत म्हणाली, "आबा, कशाला तरास? माज्या मागं बसा, कडेगावला सोडते."

सुनेच्या मागं बसून बाजाराला? भर चौकातनं? आमी?

"आवं, ती सायकल भंगारात घाला," आमची मंडळी म्हणाली. "उद्या भंगारवाला येणार हाय."

"उद्या सकाळी चाक मऊ निघालं तर खुशाल घाल! मीबी स्कुटीवर बसतो!" (तोंडातनं गेलं ते गेलं. शब्द माघारी घ्यायची आमच्यात रीत नाही.)

ट्यूब काढली. न्हाणीपाशी टब भरलेला होता, त्यात बुडवली. आणि काय सांगू! इथं बुडबुडा, तिथं बुडबुडा! बुडबुडा दिसला की ठिगळ, दिसला की ठिगळ. ट्यूबची पार वाकळ झाली, तरी बुडबुडे थांबंनात!

"आवं, धुण्याचं पाणी हाय ते! साबणाचं!"

"ठाऊक हाय मला!" (ठाऊक नव्हतं.)

ट्यूब बसवून हवा भरली. जेवून येतोय तवर चाक परत मऊ पडाय लागलेलं. सूनबाई हेल्मेट पुसत होती. दुसरं. माझ्यासाठी!

माझं डोकंच फिरलं. "थू तुझ्या जिनगानीवर!" म्हणून मी सायकलीवर थुंकलो. थुंकी पडली नेमकी वालावर, हवा भरतात त्या तोंडावर. तिथं एक बुडबुडा फुगला. फुटला. पुन्हा फुगला! ट्यूब बिचारी निर्दोष होती. वालातली रबरी नळी कुजली होती!

"बघितलंस? म्हणून थुंकलो मी!"

"व्हय व्हय," मंडळी म्हणाली, "लय इचार करून थुंकता तुमी."

पंक्चरच्या सामानाच्या डब्यातली नवी नळी घातली, हवा ठासून भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकाला लाथ हाणली, तर माझाच अंगठा ठणकला! भंगारवाला रिकाम्या हातानं गेला. मी कुस्ती मारलेल्या पैलवानागत गल्लीतनं सायकल फिरवली. मग वाटलं, एवढी विद्या आपल्यापाशी, सुनेलाबी उपयोग व्हावा. म्हणून तिच्या स्कुटीच्या वालावर थुंकलो.

सूनबाई मागंच उभी होती.

तर त्या सकाळी अख्ख्या गल्लीदेखत हा विजयी वीर स्कुटी धूत बसला होता. पाणी त्याच टबातलं!