मामाजींचा दोर

माझ्या मामेसासऱ्यांइतका जागेवरून न हलणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. जिल्हा आता निम्मा उरलाय म्हणून हे म्हणतोय असं नाही, पूर्ण होता तेव्हाही सापडला नसता. गोंदिया वेगळं निघालं तेव्हा गावात दुसरा विषय नव्हता. कोणतं ऑफिस कुठे जाणार, कोणाची बदली कुठे होणार, याच चर्चा चालायच्या. मामाजी मागावर बसल्या बसल्या एवढंच म्हणाले होते म्हणे, "जिल्हा सरकला असन. मी इथंच आहो."

विणकराचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर असतो. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, हातांनी धोटा फेकायचा. चाळीसेक वर्षं असं बसून मामाजींना आता खुर्ची, सोफा, पाट यांतलं काहीच मानवत नाही. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, काम कमी झालं, माग आठवड्यातले चार दिवस गप्प असतो, पण मामाजी तिथेच. चहा तिथे, पेपर तिथे, पाहुण्याशी बोलणं तिथे. आणि रविवारी दुपारी तीन वाजता, मागावरच्या अर्धवट कापडाला मोबाइल टेकवून, ऑनलाइन लढाईसुद्धा तिथूनच. लढाई रंगात आली की त्यांचे पाय आपसूक पावड्या दाबायला लागतात आणि रिकामा माग खटखट वाजतो. शेजारच्यांना वाटतं, म्हातारबा सुट्टीच्या दिवशीही काम करून राहिले.

खेळ सोपा आहे. तीन विरुद्ध तीन. दोन टोकांना दोन किल्ले, मधे जंगल. समोरच्याचा किल्ला आधी पाडेल तो जिंकला. जगभरची तरणी पोरं तो खेळतात आणि त्यांत चौसष्ट वर्षांचे आमचे मामाजी. त्यांच्या बाजूने त्यांची एकुलती एक लेक अश्विनी, जी लग्नानंतर पुण्याला असते, आणि तिसरा मी. मी कारध्याला राहतो, नदीवरचा पूल ओलांडला की मामाजींचं घर, या एकाच लायकीवर माझी भरती झाली. माझ्या खेळाबद्दल मामाजींचं मत असं की, "जवाई मेले तरी चालते. फक्त रस्त्यात नाही मेले पायजे, आमाले आडवे येते."

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर मामाजी नुसतेच छांदिष्ट वाटतील. या घरात बापलेकीचं बोलणं कायम मामीजींमार्फत चालायचं. "बाबाले विचार", "तिले सांग", आणि मधे मामीजी, मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता इकडचं तिकडे करणाऱ्या. मामीजी गेल्या आणि तो रस्ताच बंद झाला. अश्विनीचा पुण्याहून फोन यायचा. "जेवले का बाबा?" "जेवलो. तू?" "जेवली." मग दोघंही फोन कानाला लावून गप्प बसायचे आणि शेवटी कोणीतरी "ठेवतो मग" म्हणायचं. लेकीकडे जाऊन यावं, तर मामाजींचा नियम आडवा यायचा. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये. जुन्या लोकांत हा नियम आहे, खोटा नाही. पण बाकीचे जुने लोक काहीतरी तोड काढतात आणि जाऊन येतात. आमचे मामाजी नागपूरच्या पुढे कधी गेलेच नव्हते आणि नियम त्यांच्या सोयीचा होता, इतकंच. मामीजींच्या तेरवीनंतर परत निघताना अश्विनीने त्यांच्या मोबाइलमध्ये हा खेळ घालून दिला, बोट धरून शिकवला आणि म्हणाली, "बाबा, रविवारी तीन वाजता. मी वाट पाहीन."

तेव्हापासून बापलेक दर रविवारी खेळता खेळता, खेळातल्याच माइकवर, दोन-दोन तास बोलतात. "डाव्या बाजूनं एक येऊन राहिला." "पाहिला बाबा." "मांगं ये माय." "एक मिनिट." "मांगं ये म्हटलं ना." बोलणं एवढंच. पण मी मधे असतो म्हणून सांगतो, इतकं मायेचं बोलणं मी दुसरीकडे फारसं ऐकलेलं नाही. पुष्कळदा मी मुद्दाम मरून बाजूला बसतो आणि ऐकत राहतो. मुद्दाम न मरताही मरतो, ती गोष्ट निराळी.

खेळात निवडायला पन्नासेक गडी आहेत. अश्विनी धनुष्यवाली घेते, वाऱ्यासारखी पळणारी, पण दोन घाव बसले की आडवी होणारी. मामाजींनी पहिल्याच दिवशी एक टकला, जाडजूड, दोर घेतलेला गडी पसंत केला. हा आपला दोर लांब फेकून संकटातल्या सोबत्याला स्वतःजवळ ओढून घेऊ शकतो. मामाजींची सगळी रणनीती या दोरात होती. दोरवाला आपल्या किल्ल्याच्या दारात उभा राहील, हलणार नाही. लेक पुढे जाईल, शत्रूचा किल्ला बाणाच्या टप्प्यात येईपर्यंत, हवे तेवढे बाण मारील आणि घाव बसायला लागले की मामाजी इथून दोर फेकून तिला घरी आणतील. साडीच्या काठाची नक्षी ज्या चौकटीच्या कागदावर काढतात, त्यावर मामाजींनी सगळं रणांगण काढलं होतं. दोर बावीस चौकटी जायचा. बाविसाव्या चौकटीवर त्यांनी लाल धाग्याचा एक टाका घातला होता आणि अश्विनीला ताकीद होती, "टाक्याच्या पुढं नाही जायाचं." अश्विनीला तो टाका दिसत नसे, पण ती जात नसे.

आता या खेळाची एक रीत आहे. खेळ चालवणारी कंपनी दर दोन-तीन महिन्यांनी अपडेट काढते. जो गडी फार भारी झाला त्याला थोडा उतरवायचा, जो मागे पडला त्याला थोडा चढवायचा, म्हणजे सगळे लोक एकाच गड्याला चिकटून बसत नाहीत. तोल राखायचा, हा हेतू. पण त्यामुळे काल जिंकून देणारी चाल आज हरवते आणि सगळ्यांना नव्याने डोकं चालवावं लागतं. कोणाचं काय बदललं याची यादी इंग्रजीत येते. ती वाचून दाखवायला मला पूल ओलांडून जावं लागतं. मामाजी डोळे मिटून ऐकतात आणि दर ओळीला एक निकाल देतात. "बरं केलं." "हे चुकलं." "हा माणूस घरी भांडून आला असन."

एकदा हातोडावाला गडी अतोनात भारी झाला. सगळे हातोडा घेऊन यायला लागले आणि आम्ही ओळीने अकरा डाव हरलो. मी म्हटलं, "मामाजी, आपणही हातोडा घेऊ." ते म्हणाले, "लोकाइचा रंग पाहून म्या कधी काठ नाही बदलवला." अकरा हरले, पण दोर सोडला नाही. पुढच्या अपडेटमध्ये हातोडा उतरला, तर मामाजींनी गल्लीत पेढे वाटले. पेढे कशाचे म्हणून विचारणाऱ्याला, "अन्याय दूर झाला," एवढंच उत्तर.

पुढे पुढे तर त्यांनी घरातही तोल राखायला सुरुवात केली. मी तीन रविवार जरा बरा खेळलो, तर चहा फिका आला. "जवाई, तुमची साखर या महिन्यात अर्धी. तुमी लय चढले." माझी बायको म्हणजे त्यांची भाची. तिने एकदा त्यांच्या तोंडावर "मामाजी हट्टी आहेत" म्हटलं, तर तिला दिवाळीपर्यंत एक लाडू जास्त मंजूर झाला, कारण ती मागे पडली होती. मामाजींच्या अपडेटमध्ये मामाजींचं काही बदलल्याचं मात्र कोणी पाहिलं नाही.

आणि मग, धान कापणीच्या सुमाराला, ते अपडेट आलं. माझं लाखनीकडचं शेत कापणीला आलं होतं, मी घाईत होतो. उभ्या उभ्याच मोबाइल उघडला आणि वाचलं, "दोरवाला: दोराची लांबी निम्मी."

मामाजींनी डोळे उघडले. "किती म्हटलं?"

"निम्मी. म्हणजे अकरा चौकटी. खाली अजून एक ओळ आहे, ती..."

"बस."

"मामाजी, पुढचं तर ऐका."

"मले ऐकाचं नाही." आणि त्यांनी मोबाइलवर मागाचं फडकं टाकलं, शिंक आलेल्या पोराच्या तोंडावर टाकतात तसं. मग चौकटीचा कागद काढून बराच वेळ अकराव्या चौकटीवर बोट ठेवून बसले. अकराव्या चौकटीवर काहीच नसतं, जंगलसुद्धा तिथे सुरू होत नाही. शेवटी हळूच म्हणाले, "एवढ्यात तर ती माह्या अंगणातच राहाते. पुढं गेली तर आणाची कशी?"

मी ती दुसरी ओळ न वाचताच निघालो. धान डोक्यात होतं. ही माझी चूक आणि ती मी कबूल करतो.

त्यानंतर मामाजींनी जे केलं ते फक्त विणकरालाच सुचेल. त्यांनी खेळाचं अपडेट मोबाइलवर घेतलंच नाही. मागावर उभ्या धाग्यांचा जुना ताणा संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या टोकाला पिळून सांधावा लागतो. जोवर तुम्ही सांधत नाही, तोवर माग जुन्या नक्षीवरच चालतो. मामाजींचा हिशोब साधा होता. नवं सांधायचंच नाही, म्हणजे आपला दोर बावीस चौकटींचाच राहील. खेळ उघडेना, तेव्हा त्यांना वाटलं कंपनी चिडली असेल, चार दिवसांनी नरम येईल. दरम्यान त्यांनी कंपनीला रीतसर अर्ज लिहिला. "महोदय, विषय: दोराची लांबी पूर्ववत करणेबाबत." खाली गल्लीतल्या सात जणांच्या सह्या, त्यांतल्या सहा जणांना दोर कसला हे माहीत नव्हतं.

चार रविवार गेले. मी शेतावर, मामाजी अर्जाच्या उत्तराची वाट पाहत मागावर. आणि पुण्यात अश्विनी तीन वाजता खेळ उघडून बसायची. यादीत बाबांच्या नावापुढचा हिरवा दिवा लागायचा नाही. चौथ्या रविवारी तिने माझ्या बायकोला फोन केला. "ताई, बाबा माह्यावर रागावले का गं? काहून येत नाही खेळाले? फोनवर विचारलं तर म्हणते, जेवलो." एवढं बोलून ती रडायला लागली. बायकोने फोन माझ्या हातात दिला आणि मला जे ऐकवायचं होतं ते डोळ्यांनीच ऐकवलं.

पुढच्या रविवारी मी अडीचलाच मामाजींकडे पोचलो. अश्विनी रडली हे सांगितलं. मामाजींनी खड्ड्यातले पाय थोडे आत ओढले. मग म्हणाले, "मी तिच्याचसाठी नाही गेलो ना. दोर पुरत नाही तर उभा राहून का करू? तिले मरताना पाहू?"

मी न विचारता मोबाइल घेतला, अपडेट लावलं आणि ते उतरेपर्यंत यादी काढून मागच्या वेळी राहिलेली ओळ वाचली. "दोरवाला पुढे चालत असेल तोवर त्याच्या अंगावर ढाल राहील आणि त्याच्या मागे येणाऱ्या सोबत्यालाही तिचा आडोसा मिळेल."

"पुन्हा वाचा," मामाजी म्हणाले. मी पुन्हा वाचलं. "म्हणजे उभा राहिला तर ढाल नाही?"

"नाही. चालला तरच."

ते कागदाकडे पाहत राहिले. लाल टाका बाविसाव्या चौकटीवर होता तसाच होता. मग म्हणाले, "म्हणजे ह्याइनं दोर नाही कापला. मले दारातून उठवून राहिले."

तीन वाजता हिरवा दिवा लागला. पलीकडून लगेच आवाज आला, "बाबा?" मामाजी म्हणाले, "हो." डाव सुरू झाला. अश्विनी नेहमीसारखी पुढे गेली, पण अकराव्या चौकटीपाशी थबकली. तिने यादी वाचलेली होती. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा आमच्या किल्ल्याचं दार रिकामं झालं. टकला दोरवाला जंगलात शिरला. चालायची सवय नव्हती, झाडाझाडाला अडखळत होता. मामाजींचे पाय पावड्यांवर असे चालत होते की अख्खी गल्ली दणाणली. बाण येत होते, ढालीवर आपटत होते, आणि त्या आडोशाने आलेली अश्विनी शेवटी पुढे निसटून थेट शत्रूच्या दाराशी पोचली. मी नेहमीप्रमाणे रस्त्यात मेलो. मामाजी माझ्या अंगावरून पुढे गेले.

शत्रूच्या दाराशी, बाविसावी चौकट कधीच मागे टाकून, दोरवाला धनुष्यवालीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. अश्विनीने बाण मारायचंच थांबवलं. "बाबा, तुमी इथपर्यंत आले?"

"हो," मामाजी म्हणाले. "तू लय दूर राहातं माय. मले मालूम नव्हतं."

तो डाव आम्ही हरलो. दोघंही तिथे नुसते उभे राहिले, तर दुसरं काय होणार? हरल्यावर मामाजींनी चौकटीच्या कागदाची घडी घातली आणि मला विचारलं, "जवाई, वरठीवरून पुण्याची गाडी किती वाजता हाय?"

आठवड्याभराने मी त्यांना वरठीच्या स्टेशनवर गाडीत बसवून दिलं. सोबत अश्विनीसाठी कोशाचा दुपट्टा, तांदळाचं पोतडं आणि घरच्या पाण्याच्या दोन मोठ्या कॅन, कारण नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, "एवढं पाणी कशाला, मामाजी?" ते म्हणाले, "चार दिवसाचं हाय. पाचव्या दिवशी मी परत." खिडकीशी बसताना पाय कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. खाली खड्डा नव्हता. शेवटी त्यांनी दोन्ही पाय कॅनवर ठेवले, गाडी हलली आणि मला एकाएकी वाटलं, हा माणूस आता खरंच जाऊन राहिला.

त्यानंतरच्या रविवारी मी तीन वाजता सवयीने खेळ उघडला. दोघांच्याही नावापुढचे दिवे विझलेले होते. एका खोलीत बसलेल्या माणसांना दिवे लावायची गरज नसते, हे मला कळत होतं, तरी मी पंधरा मिनिटं वाट पाहिली. मग पूल ओलांडून त्यांच्या घरावरून एक चक्कर मारून आलो. दाराला कुलूप, माग गप्प. रस्त्यात मरायलाही सोबत कोणी असावं लागतं, असं मनात आलं.

मामाजींना पुण्याला जाऊन आज तेविसावा दिवस आहे. काल फोन आला, मागून अश्विनीच्या हसण्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "मामाजी, येता कधी?" म्हणाले, "पाहू." पाण्याचं मी काही विचारलं नाही. त्या दोन कॅन चौथ्या दिवशीच संपल्या असणार.