वन्संची वेगळी चूल

आमच्या घरात दोन चुली होत्या, आणि त्या खरंच दोन आहेत हे सरकारला पटवावं लागे. लग्न होऊन मी द्वारका चौकामागच्या चाळीत आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. थोरली नणंद बाहेरच्या खोलीत वेगळं शिजवते म्हटल्यावर मला वाटलं, झालं, सासर भांडकुदळ निघालं. प्रत्यक्षात भांडण कसलंच नव्हतं.

वन्संचे दोन्ही पाय लहानपणीच्या तापात गेले होते. बेअरिंग लावलेल्या पाटावर बसून, हातांनी जमीन रेटत त्या घरभर फिरत, आणि माझ्यापेक्षा चपळ फिरत. ऐंशी सालानंतर कधीतरी त्यांना निराधारांचा सरकारी पगार सुरू झाला. त्यातून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं वस्तू घेतली, ती म्हणजे रॉकेलचा स्टो. हीच त्यांची चूल. त्या दिवसापासून भावाच्या ताटातलं खाणं बंद. सासूबाईही लेकीकडेच जेवत. "सुनेच्या हातचं चालत नाही वाटतं," असा टोमणा मी मारला, तर म्हणाल्या, "चालतं गं बाई, पण गिळवत नाही." घरात असं मोकळं बोलणं होतं.

पण पगार एकदा मिळाला म्हणजे मिळाला, असं नव्हतं. दरवर्षी फेरतपासणी व्हायची. पाय काही नव्यानं फुटणार नव्हते, तरी डॉक्टरांचा दाखला नवा लागे. ते एक वेळ ठीक. खरी धास्ती होती ती घरी येणाऱ्या तलाठी भाऊसाहेबांची. ते न सांगता येत. भाऊ सांभाळत असेल तर बहीण निराधार नाही, आणि सांभाळतो की नाही हे ते एकाच गोष्टीवरून ठरवत: चूल एकत्र की वेगळी.

मागच्या गल्लीतल्या आंधळ्या आजोबांचा पगार बंद झाला, कारण दिवाळीला आलेला मुलगा त्यांना घास भरवताना दिसला. तेव्हापासून आमचं घर बदललं. मी वाटीभर भाजी घेऊन वन्संकडे निघाले की नवरा आधी दारातून गल्ली न्याहाळायचा. वाटी पदराखाली जायची. शेजारीण सहज "आज काय केलंय?" विचारायची आणि मला घाम फुटायचा. कोण कुठं जाऊन काय सांगेल, नेम नव्हता. चोरी न करता चोरासारखं जगायची मला भयंकर चीड यायची, आणि ती चीडसुद्धा हळू आवाजात काढावी लागायची. वन्सं तेवढ्या निवांत असत. "माझं मी शिजवते. बघू देत ज्याला बघायचंय त्याला," म्हणायच्या.

एका उन्हाळ्यात फेरतपासणी लांबली. शेजारच्या चाळीत झाली, आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. आज येतील, उद्या येतील, असं होता होता सासूबाई गेल्या. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेल्या.

मयताच्या घरात पहिले काही दिवस चूल पेटत नाही, जेवण सोयरे आणतात. दुसऱ्या दिवशी दिंडोरीहून मामेसासरे डबे घेऊन आले, पिठलं आणि भाकरी. आतल्या खोलीत आम्ही सगळे एका ओळीत बसलो, वन्संही. तेवढ्यात कोपऱ्यावरचा दुकानदार धापा टाकत आला. "वहिनी, तलाठी कोपऱ्यावरच्या घरात शिरलेत. पुढचं घर तुमचंच."

मी ताटावरून उठले. बाहेरच्या खोलीत जाऊन वन्संच्या स्टोपाशी बसले आणि काडी ओढली. मागून पाटाची घरघर आली. वन्संनी माझं मनगट धरलं. सगळं शरीर हातांवर ओढणारी बाई ती, मला सुटता येईना.

"अगं, नको."

"वन्सं, पगार जाईल. नुसतं पाणी तापत ठेवते."

"जाऊ दे. आई कालच गेलीये माझी. तिला ह्याच स्टोवर घास केला. आज तो पेटायचा नाही."

काडी बोटापर्यंत जळत आली. मी ती फेकून दिली.

भाऊसाहेब चपला बाहेर काढूनच आत आले. वयस्क, सभ्य माणूस. कोपऱ्यातला दिवा पाहून त्यांनी हात जोडले. आम्ही चहाचं विचारलं नाही, त्यांनीही अपेक्षा केली नाही. दुःखाच्या घरात कसं वागावं, ते सगळं त्यांना कळत होतं. मग त्यांनी वाकून स्टोला हात लावून पाहिला. आत डोकावले. ताटांची ओळ तशीच होती.

"ताई, ह्यातलं एक ताट तुमचं?"

"हो," वन्सं म्हणाल्या.

"भावाबरोबर जेवता?"

"आज जेवले."

"अहो, मयत झालंय घरात!" मी ओरडलेच. "तुमच्याकडे पेटवली असती का चूल?"

"नसती पेटवली," ते म्हणाले. "पण वहिनी, मला जे दिसलं तेच लिहावं लागतं." लिहिताना त्यांनी मान वर केली नाही. अशा घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. तेही म्हणाले नाहीत.

पगार थांबला. मी तहसील कचेरीत जाऊन भांडले. कारकून म्हणाला, पुढच्या फेरतपासणीत चूल वेगळी दिसली तर बघू. तोवर रॉकेल कशानं आणायचं, शिजवायचं काय, असं विचारलं तर त्यानं माझ्या मागच्या माणसाला पुढं बोलावलं.

घरातलं रॉकेल संपेपर्यंत वन्सं वेगळं शिजवत राहिल्या. शेवटी नवराच म्हणाला, "ताई, बरंच झालं. आता एकत्र जेवू. मी काय परका आहे?" मनापासून म्हणाला बिचारा. पण त्यानं भाऊसाहेबांनी लिहिलेलं कायमचं खरं करून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी वन्सं माझ्या स्वयंपाकघरात जेवायला आल्या. एरवी न विचारता माझ्या पातेल्यात डाव घालून चव बघणार आणि वर नावं ठेवणार. त्या दिवशी वाढलं तेवढंच जेवल्या. ताट संपलं तरी उठेनात. मी भांडी आवरायला घेतली, तेव्हा माझ्याकडे न बघता त्या हळूच म्हणाल्या,

"अजून थोडा भात घेऊ का?"